न धरता उठायचं

आनंदीबाई मुळ्ये फुगडीला उभ्या राहिल्या की रामबागेतल्या महिला मंडळातल्या निम्म्या बायका आपापलं अंग चोरून भिंतीशी सरकायच्या. भांडण वगैरे काही नाही हो! बाईंचा दमच तसा होता. पंचावन्न वर्षांचं वय, अंगानं काटकुळ्या, पण एकदा पावलाला पाऊल जुळवून मागे रेलल्या की समोरची बिचारी "पुरे, पुरे, मला चक्कर येतेय" म्हणून ओरडायची आणि ह्यांचं आपलं चालूच. शेवटपर्यंत टिकायची ती एकटी द्वारकाबाई. शेजारच्याच घरातली, गोरी, लठ्ठ, हसरी, आणि घरात मुलगे, सुना, नातवंडं मिळून नऊ माणसं असलेली बाई.

मंडळात हे खेळ रोज चालायचे, दुपारी चार ते पाच. ह्यामागे डोकं होतं अध्यक्षीणबाई सुमेधाताईंचं. कुठल्याशा डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान त्या ऐकून आल्या होत्या, की बायकांनी व्यायाम केला पाहिजे. आता व्यायाम म्हणजे काय करायचं? तर सुमेधाताई म्हणाल्या, आपला झिम्मा आहे, फुगडी आहे, पिंगा आहे, वर्षातून एका रात्रीपुरतं कशाला ठेवायचं, रोज खेळा. घाम आला पाहिजे, बस. आणि खरंच, चार महिन्यांत कुणाचं डोकं दुखायचं थांबलं, कुणाला भूक लागायला लागली. इंदूरच्या बायका सकाळी पोहे-जलेबी आणि चार वाजता झिम्मा, असं मजेत चाललं होतं.

आनंदीबाईंना तर हे म्हणजे आंधळ्याला डोळे मिळाल्यासारखं झालं. त्यांचे यजमान जाऊन सात वर्षं झाली होती, आणि त्या दिवसापासून मंगळागौरीचं बोलावणं बंद. ज्या बाईच्या फुगडीसाठी लोक लांबून यायचे, ती बाई श्रावणात खिडकी लावून घरात बसायची. मंडळात पहिल्या दिवशी कुणीतरी कुजबुजलंच, "ह्या कशा खेळणार?" त्यावर सुमेधाताई कडाडल्या, "ही पूजा नाहीये, व्यायाम आहे. व्यायामाला कुंकू लागत नाही." त्या एका वाक्यासाठी आनंदीबाईंनी सुमेधाताईंना मनातल्या मनात जन्मभराचे आशीर्वाद देऊन टाकले.

कारण घरी काय होतं? काही नव्हतं. मागल्या वर्षी नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि इंदूरच्या सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी मराठी माणसं फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर तिकडे रवाना झाली. त्यात आनंदीबाईंचा एकुलता एक दिनानाथ, सून अरुंधती आणि चार वर्षांची नात बेबी. "तिथे क्वार्टर मिळालं की तुला नेतो," असं दिनू म्हणाला होता. क्वार्टर मिळालं, दोन खोल्यांचं. मग अरुंधतीला दिवस गेले, मग पावसाळा आला, आणि नेण्याचं राहिलं ते राहिलंच. आनंदीबाईही म्हणायच्या, "मला कशाला तिकडं? माझं इथं छान चाललंय." चाललं होतंही. पण सकाळी उठल्यापासून दुपारी चारपर्यंत माणसाचा हात त्यांच्या हाताला लागायचा नाही. चार वाजता द्वारकाबाईचे घामेजलेले, जाडजूड हात हातात आले की त्यांना बरं वाटायचं. त्या एका तासावर त्यांचा दिवस उभा होता, आणि भोपाळला गेलं की तो तास जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग भाद्रपदात तो प्रकार घडला.

सकाळी अंघोळीला बसल्या होत्या. न्हाणीघरात बुटका पाट. अंघोळ झाली, लुगडं गुंडाळलं, आणि उठायला गेल्या तर उठता येईना. पडल्या नाहीत, मुरगळलं नाही, काही दुखतही नव्हतं. नुसतं उठताच येईना. मांड्यांना सांगितलं 'उठा', तर मांड्या ऐकेनात. एरवी ओट्याला धरून, चौकटीला धरून, खुंटीला धरून उठायची सवय. न्हाणीघरात भिंती ओल्या, धरायला काही नाही. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा पाय घसरला. आदल्याच दिवशी ह्याच बाईनं सलग तीन जणींना फुगडीत दमवलं होतं! थंडीनं दात वाजायला लागले. हाक मारायची तर कुणाला? रडू आलं त्यांना, अगदी लहान पोरीसारखं.

तासाभरानं दूधवाला हरी आला. त्यानं दारातून "माँसाब, दूध लो" म्हणून चार हाका मारल्या, आतून बारीक आवाज ऐकला आणि द्वारकाबाईला बोलावून आणलं. द्वारकाबाईनं काखेत हात घालून उभं केलं. झालं, संपलं. पण हरीच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? संध्याकाळपर्यंत अख्ख्या रामबागेला कळलं, की नाचणाऱ्या माँसाब पाटावरून उठू शकल्या नाहीत. आणि द्वारकाबाईनं तरी काय करावं? काळजीपोटी भोपाळला पत्र टाकून मोकळी.

आठ दिवसांत दिनानाथचं उत्तर आलं. "आई, तुला आता एकटं ठेवणं शक्य नाही. दिवाळीला येतो आणि तुला घेऊन जातो. इथे जागेची थोडी अडचण आहे, पण जमवू. तुला काही झालं तर लोक मला काय म्हणतील?" आनंदीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. 'जमवू' ह्या शब्दावर जरा थांबल्या. मग पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "नाही जायचं मला." दिवाळीला दोन महिने होते.

गल्लीत समोरच्या ओट्यावर दौलतराव बसलेले असायचे. आजोबा होळकरांच्या फौजेत, वडील फौजेत, हे स्वतः फौज आणि कुस्ती दोन्हीत. आता सत्तरीला आलेले. मागच्या अंगाला त्यांची जुनी तालीम होती, तिथे हल्ली चार-दोन पोरं यायची. आनंदीबाई भाजी घेऊन परतत होत्या, तर हा माणूस वर न बघता म्हणाला, "बाईसाहेब, एक सांगू? राग नका मानू."

"हरीनं तुम्हालाही सांगितलं वाटतं."

"सगळ्यांना सांगितलं त्यानं. पण मी हसलो नाही." दौलतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "तुमचा खेळ मी रोज ऐकतो इथून. दम आहे तुमच्यात, मानलं. पण दम वेगळा, ताकद वेगळी. फुगडीत पाय ताठ, अंग तोललेलं, समोरचीनं धरलेलं. त्यात बसून उठणं कुठंय? बसफुगडी खेळता का?"

"छे हो! ती पोरींची. दहा वर्षं झाली सोडून."

"बस, तिथंच गेली ताकद. नाचा, खुशाल नाचा, सोडू नका. पण जोडीला बैठका मारा. वजन उचला. नाहीतर हे असंच होणार, भिया, मग तो पहेलवान असो की बाई." बोलण्याच्या भरात ते बाईमाणसालाही इंदुरी 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणून गेले.

आनंदीबाईंना हसूही आलं आणि लाजही वाटली. बैठका! मुळ्यांच्या घरातली बाई बैठका मारणार! पण त्या ओल्या पाटावरचा तास आठवला आणि त्यांनी पदर सावरत हळूच विचारलं, "शिकवाल?"

आता पंचाईत अशी, की तालमीत बायकांना पाऊल टाकायची मनाई. आत मारुती. तिथली मुद्गलाची जोडीसुद्धा मारुतीपुढे ठेवलेली, ती बाईच्या हाती द्यायची नाही. आणि परक्या बाईला बैठका मारताना बघायचं, हे दौलतरावांना सात जन्मांत जमलं नसतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. रोज सकाळी सहाला ते आनंदीबाईंच्या ओट्यावर येऊन बसायचे, दाराकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. दार अर्धं लोटलेलं. आत आनंदीबाई लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून उभ्या. त्यांनी मोठ्यानं आकडे मोजायचे आणि दौलतरावांनी ऐकायचं.

"एक," आनंदीबाई म्हणायच्या.

"चौकटीला धरलंत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज सोपा निघाला. सोडा चौकट. न धरता उठायचं. पुन्हा एक."

पहिल्या दिवशी तीन झाल्या, त्याही अर्ध्याच वाकून. दुसऱ्या दिवशी जिना उतरावा तसं प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागलं. मुद्गलाच्या जागी दौलतरावांनी पाट्यावरचा वरवंटा सांगितला. तो दोन्ही हातांत धरून छातीपासून डोक्यावर न्यायचा, वीस वेळा. मग भरलेली कळशी जमिनीवरून उचलायची, पाठ ताठ ठेवून. ज्या वरवंट्यानं तीस वर्षं चटणी वाटली, तो असाही उचलायचा असतो, हे आनंदीबाईंना पंचावन्नाव्या वर्षी कळलं. आणि खोटं कशाला बोला, त्यांना गंमत वाटायला लागली. सकाळी सहाला कुणीतरी आपली वाट बघत बसलेलं आहे, मग ते पाठ करून का असेना, ह्यानंच जाग लवकर यायला लागली.

नवरात्रापर्यंत बैठका पंचवीसवर गेल्या. आणि इथेच भलतंच होऊन बसलं.

मंडळात फुगडीला उभ्या राहिल्या, द्वारकाबाईचे हात धरले, गिरकी सुरू झाली, आणि चौथ्या फेऱ्याला द्वारकाबाई किंचाळली, "अहो, सोडा! मनगट तुटलं माझं!" वेग वाढला होता, पकड लोखंडी झाली होती, आणि द्वारकाबाईचे मऊ हात त्या ओढीला पुरे पडेनात. ती धपकन खाली बसली. मनगट सुजलं, आठ दिवस हळद लावावी लागली. बायका आनंदीबाईंकडे अशा बघायला लागल्या, की ह्यांनी जाणूनबुजूनच केलं.

सुमेधाताईंनी मग मंडळापुढे विषयच काढला. "आनंदीबाई, हे दंड-बैठका, उचलाउचली पुरुषांचं काम. त्यानं अंग आखडतं, लवचिकपणा जातो. नाचणाऱ्यानं नाचावं. दोन्ही एकत्र नाही चालायचं."

"कोण म्हणतं आखडतं?" आनंदीबाई तिथल्या तिथे उभ्या जागी वाकल्या आणि तळवे जमिनीला टेकवून दाखवले. "ताई, अहो, नाचायलाच ताकद लागते. माझा तोल आता जातच नाही बघा. तुम्ही सगळ्याच करा ना थोड्या बैठका! दहाच. मी शिकवते. मग कुणाचं मनगट दुखणार नाही."

"मिशा फुटतील, मिशा!" मागून कुणीतरी म्हणालं आणि अख्खं मंडळ खो-खो हसलं. सुमेधाताईही हसल्या. आनंदीबाईंनी द्वारकाबाईकडे पाहिलं. ही तरी आपल्या बाजूनं बोलेल!

द्वारकाबाई वाईट बाई नव्हती. ती मनगट चोळत, अगदी सहज म्हणाली, "अहो, मला उठवायला घरात नऊ माणसं आहेत. मी कशाला मारू बैठका? तुमचं वेगळं आहे."

तिला बोचायचं नव्हतंच. पण आनंदीबाईंना ते असं लागलं, की घरी येऊन चूलच पेटवली नाही त्यांनी. खरंच होतं ते, त्यात काय खोटं? ज्यांना धरायला माणसं आहेत, त्यांना ताकद कशाला हवी? त्या दिवसानंतर द्वारकाबाई फुगडी दुसऱ्याच कुणाबरोबर खेळायला लागली. आनंदीबाई रोज चार वाजता जायच्या, कडेला उभ्या राहून टाळ्यांचा ठेका धरायच्या, आणि पाचाला परत. कुणी 'या' म्हणत नव्हतं, कुणी 'जा' म्हणत नव्हतं.

दौलतरावांना त्यांनी सगळं सांगितलं, दाराआडून. ते रस्त्याकडे तोंड ठेवूनच ऐकत होते. मग म्हणाले, "फुगडीत एकटीची ताकद वाढवून काय उपयोग? दोघींची वाढायला पाहिजे. पण बाईसाहेब, आता सोडू नका. दिवाळी आली."

नाही सोडलं. सोडून करणार काय? पन्नास झाल्या. मग सत्तर. पण एखाद्या सकाळी कळशी उचलताना मनात यायला लागलं, की आपण कशासाठी हट्ट धरलाय? ज्या तासासाठी इंदूर सोडायचं नव्हतं, तो तास तर गेला. भोपाळला निदान बेबी आहे. ती गळ्यात हात टाकेल, केस ओढेल. मग पुन्हा त्या मान झटकायच्या, "गप! तिथं दोन खोल्यांत सुनेच्या पायात पाय," असं स्वतःलाच दटावायच्या आणि पुढचा आकडा म्हणायच्या.

धनत्रयोदशीला दिनानाथ आला. एकटाच आला, अरुंधतीला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. हातात मोठी पत्र्याची ट्रंक. आनंदीबाई म्हणाल्या, "केवढी रे ही! काय आणलंस एवढं?"

"काही नाही, रिकामीच आहे. तुझं सामान न्यायला."

आनंदीबाईंनी ट्रंकेचं झाकण उघडून पाहिलं. खरंच रिकामी होती. तळाला नवा कागद अंथरलेला. पोरानं भोपाळहून मोटारीत मांडीवर धरून रिकामी ट्रंक आणली होती, आपल्यासाठी! त्यांचे डोळे भरूनच आले. दोन महिने घोकलेलं 'नाही जायचं मला' कुठच्या कुठे गेलं. आता तो 'चल' म्हणेल, आपण एकदा 'नको रे' म्हणू, तो पुन्हा 'चल' म्हणेल, आणि मग जाऊ. असंच ठरवून टाकलं त्यांनी, लाडू वळता वळता.

पण पाडव्याच्या सकाळी दौलतराव भेटायला आले, मागोमाग फराळाचं ताट घेऊन द्वारकाबाई. आणि द्वारकाबाईच्या तोंडात कधी काही राहिलंय? "दिनू, अरे कशाला नेतोस आईला? ती आता पहेलवान झालीय! सत्तर बैठका मारते! माझं मनगट मोडलं होतं तिनं."

"सत्तर?" दिनानाथ हसला. "काकू, काय मजाक करता!"

"मजाक नाही, साहेब," दौलतराव ताठ होऊन म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानानं भरला होता. दोन महिने पाठमोरं बसून घडवलेला हा त्यांचा शेवटचा गडी होता. "मी मोजल्यात. बाईसाहेब, दाखवा पोराला. पाट आणा तो. आज तुमच्या पोरासमोर मीही बघतो."

आनंदीबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. नको म्हणता आलं असतं. पाय दुखतोय म्हणता आलं असतं. पण कुणीतरी आपल्याकडे बघतंय, कौतुकानं बघतंय, असं कितीतरी दिवसांनी झालं होतं. त्यांनी न्हाणीतला बुटका पाट आणला, मधोमध मांडला, काष्टा खोचला आणि बसल्या. दिनानाथ अर्धवट उठला, आधाराला हात पुढे केला. त्याचा हात पोचायच्या आत त्या उभ्या होत्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मग भरलेली कळशी उचलून डोक्यावर घेतली आणि थेंब न सांडता खाली ठेवली.

"वा!" दौलतरावांनी मांडीवर थाप मारली. द्वारकाबाईनं टाळ्या वाजवल्या.

दिनानाथ बघतच राहिला होता. आणि मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. कपाळावरची आठी गेली, खांदे खाली आले. आईनं पाहिलं ते. आईला नाही दिसणार तर कुणाला दिसणार?

"आई, कमाल केलीस तू!" तो म्हणाला. "खरं सांगू? मला फार घोर लागला होता. अरूची आई आलीय बाळंतपणाला, तिलाही दोन खोल्यांत अवघडल्यासारखं होतंय. तुला कुठे झोपवायचं, हाच विचार येताना सगळ्या वाटेत करत होतो. पण आता तुझी तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे! आणि तुझं इथं मन रमतं, मंडळ आहे, काकू आहेत. उगाच तुला उपटून कशाला नेऊ?"

"हो ना," आनंदीबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? त्यांनी पाट उचलून भिंतीशी लावला. "मी तेच म्हणत होते पहिल्यापासून."

"अरूलाही हायसं वाटेल," दिनानाथ म्हणाला आणि त्यानं ताटातली चकली उचलली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज, त्याला निघायचं होतं. रिकामी ट्रंक परत कशी न्यायची? आनंदीबाईंनी ती भरून दिली. शेव, लाडू, बेबीसाठी दुलई, येणाऱ्या बाळासाठी जुन्या मऊ लुगड्यांच्या चौघड्या, आणि घरातली मोठी पितळी पातेली, जी एकटीला लागत नव्हती. ट्रंक जड झाली, चांगलीच जड.

मोटार अड्ड्यावर सणाचं हमाल मिळेना. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, क्लीनर वर टपावर उभा राहून ओरडत होता, "जल्दी करो भिया, जल्दी!" दिनानाथनं एकदा ट्रंक हलवून पाहिली, कमरेला हात लावला आणि इकडे तिकडे बघायला लागला.

"सर बाजूला," आनंदीबाई म्हणाल्या.

त्यांनी पाय फाकवले, पाठ ताठ ठेवली, गुडघ्यात वाकल्या आणि कुणाला न धरता उठल्या. ट्रंक छातीपर्यंत आली, मग डोक्यावर, मग आणखी वर, क्लीनरच्या हातात. "अरे वाह माँसाब, क्या ताकत है!" तो वरून म्हणाला. खिडक्यांतली माणसं हसली, दिनानाथही मोकळा हसला. त्यानं वाकून पायांना हात लावला आणि घाईनं मोटारीत चढला.

"सांभाळून राहा गं आई," तो खिडकीतून म्हणाला. "पण तुला काय सांगायचं म्हणा!"

'तरीपण चल,' एवढं एकदा म्हणाला असता तर त्या नेसत्या लुगड्यानिशी चढल्या असत्या. मोटार देवासच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग शेजारी टेकलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "कोण गं बाई, मुलगा?"

"मुलगा," आनंदीबाई म्हणाल्या. "मला न्यायला आला होता."